पिवळ्या तारेची नथ

सनेरी नदीच्या बंधाऱ्याखाली यंत्र येऊन उभं राहिलं, तेव्हा बेनीबाई वाळूतल्या वाडीत शेवटची टरबुजं तोडत होती. यंत्रामागून दगडांनी भरलेले ट्रॅक्टर आले, त्यांच्यामागून जीप आली, आणि जीपमधून कुडता-पायजम्यातली एक बाई उतरली. तिनं चपला हातात घेतल्या आणि सरळ पाण्यात शिरली. सरकारी माणूस काठावरून बोट दाखवतो. पाण्यात शिरणारा माणूस काहीतरी न्यायलाच आलेला असतो, असं बेनीबाईचं ठाम मत होतं. तिनं टरबूज पाटीत टाकलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो दरयावचे दद्दा, बघा तरी, आपल्या कोपऱ्यात कोण शिरलंय!"

फुंदीलाल बर्मन झोपडीच्या सावलीला जाळं सांधत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"बघितलंय. माशांना जिना बांधणार आहेत."

"काय बांधणार?"

"जिना. दगडांचा चढ. मासे त्यावरून चढून भिंतीपलीकडं जाणार. पटेलांच्या पाण्यात."

दुसरी कुणी असती तर पोट धरून हसली असती. बेनीबाईनं आधी भिंतीखालच्या कोपऱ्याकडं पाहिलं.

भिंतीखालचा तो डावा कोपरा म्हणजे तिच्या घराची चूल होती. बंधारा झाला त्या साली पंचांनी बर्मनांच्या घरांना नदीवरचे ठिय्ये वाटून दिले होते आणि हा कोपरा फुंदीलालच्या वाट्याला आला होता. आषाढात पाणी चढलं की खालून, नर्मदामैयाच्या मोठ्या पात्रातून, मासे उलटे वर यायचे. अंडी घालायला त्यांना वरची उथळ, खडीची नदी हवी असायची. मध्ये भिंत. मासे भिंतीवर टाळकी आपटून दमायचे आणि त्या कोपऱ्यातल्या भोवऱ्यात येऊन पडायचे. जाळं फेकावंसुद्धा लागत नसे, नुसतं बुडवलं तरी भागायचं. आषाढ-श्रावणात सुकवलेल्या मासळीवर घर पुढं वर्षभर निघायचं. बाकीच्या घरांतले पुरुष मैयाच्या धारेत होड्या हाकून खांदे मोडून घेत, आणि फुंदीलाल दुपारी घरी जेवून झोपत असे. गावानं त्यावरून टोमणे कमी मारले नव्हते. आता मासे वर गेले तर कोपऱ्यात फेसाखेरीज काय उरणार?

"यात पटेलाचा हात आहे," ती म्हणाली. "वरचं सगळं पाणी त्याच्या शेतांना लागून. मासे वर गेले की तो पकडणार. बाई नुसती पुढं केलीय."

"असेल."

"असेल काय? तुम्ही काही बोलणार की नाही?"

"जाळं सांधतोय ना मी," फुंदीलाल म्हणाला.

त्या बाईचं नाव वसुधा. जबलपूरच्या कुठल्याशा संस्थेतून आलेली. दोन दिवसांत ती बेनीबाईच्या ओसरीवर येऊन बसली. सून केसरनं चहा दिला. वसुधा मॅडमनं तो बशीत ओतून भुरका मारत प्यायला. बेनीबाईला तेही खटकलं. आपल्यासारखं वागून दाखवणारी माणसं तिला मुळीच आवडत नसत.

"अम्मा, मोठा बाडस शेवटचा कधी पाहिलात?" मॅडमनं विचारलं.

"का? मोजायचेत?"

"तुमच्या नदीतला तो राजा मासा. संपत चाललाय. अंडी घालायला वर जाता येत नाही म्हणून संपतोय. भिंत पाडता येत नाही, वरच्या शेतांना पाणी लागतं. म्हणून चढ बांधायचा."

"आणि वर गेल्यावर त्यांना खाणार कोण?"

"कोणीच नाही. वर दोन वर्षं मासेमारी बंद. पटेलांनी ग्रामसभेत अंगठा दिलाय."

"पटेलानं!" बेनीबाई म्हणाली आणि तोंड वळवून पचकन थुंकली.

मॅडमनं मुलाला, दरयावला, आणि केसरला दगड रचायचं काम दिलं. फुंदीलालला तर चौकीदारच केलं. गळ्यात अडकवायची शिटी दिली, बॅटरी दिली. जन्मात कुठल्या गोष्टीचा आनंद न झालेला हा माणूस शिटी गळ्यात घालून गावभर हिंडला. बायकोनं ते पाहिलं आणि मनात नोंद करून ठेवली.

खरं भांडण पेटलं ते तारेवरून.

उन्हाळ्यात भिंतीखाली एक खोल डोह उरायचा आणि त्यात गेल्या पावसाळ्यातले अडकलेले काही बाडस असायचे. एका सकाळी मॅडमनं ते जाळ्यात धरले. एकेकाला ओल्या फडक्यात गुंडाळून पाठीच्या पंखाजवळ सुईनं पिवळी तार टोचली आणि परत सोडलं. केसर फडकं धरून शेजारी उभी होती. ती घरी येऊन सांगायला लागली तशी बेनीबाईच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"टोचली? माशाला? आणि सोडला?"

"हो अम्मा. कोण चढून वर गेला ते कळावं म्हणून."

"अगं खुळे, नथ घातली तिनं! सगळ्या नदीला नथ घातली!"

सनेरीकाठच्या बर्मनांत सून घरी आली की पहिल्या पावसाळ्यात तिला नदीवर नेतात. घरचा कर्ता पुरुष एक मोठा बाडस धरतो, सासू त्याच्या ओठात चांदीची बारीक नथ घालते आणि सून आपल्या हातानं त्याला सोडते. तेव्हापासून तो मासा मैयाची लेक. त्याला कोणी मारत नाही. नथीचा मासा ज्या डोहात दिसेल तिथली जाळी तो तिथून जाईपर्यंत उचलायची. आणि जिथं आपल्या सुनेनं नथ सोडली, त्या जागी त्या घरानं पुन्हा कधीच जाळं टाकायचं नाही. बेनीबाईची नथ कौह्याच्या झाडाखाली सुटली होती. खाण्याचे हाल झाले त्या वर्षीसुद्धा फुंदीलालनं तिथं हात घातला नव्हता.

केसरची नथ मात्र राहिली होती. तिच्या लग्नाच्या पावसाळ्यात धड हातभर लांबीचा बाडसच मिळाला नाही. बेनीबाईनं शेवटी एका रोहूच्या ओठात नथ अडकवून वेळ मारून नेली आणि साऱ्या आळीनं पदराआड हसून घेतलं. पुढं केसरचं पोट दोनदा पडलं. बेनीबाई त्यावर कधी अवाक्षर बोलली नाही, पण विहिरीवर बायका बोलत, आणि केसर घागर अर्धी भरूनच परत येई.

संध्याकाळी कौह्याखाली पंच जमले. मॅडमही आली. बेनीबाई पदर खोचून मध्ये उभी राहिली.

"बाईनं आमच्या नदीला नथ घातलीय. आमचाच रिवाज आमच्या गळ्यात घालायचा डाव आहे हा. उद्या म्हणतील, नथीचे मासे आहेत, उचला जाळी."

मॅडम आधी हसली. मग सगळे चेहरे बघून तिनं हसू आवरलं.

"अम्मा, ही नथ नाही. नुसती खूण आहे."

"नथ म्हणजे तरी काय असतं? खूणच असते."

"पण मी काही तुमची सून नाही, सासू नाही..."

"टोचून सोडलंस की नाही?"

"सोडलं."

"जिवंत?"

"जिवंत."

"मग झाली नथ! काढ आता."

"ते आता कसे सापडणार, अम्मा? खोल गेले ते."

पंचांनी बिड्या ओढल्या, खाकरले. मोठे कक्का म्हणाले, "बेनी म्हणते त्यात खोट नाही. नथ ती नथ. मग रिवाजानं चालायचं. तारेचे मासे डोहातून जाईपर्यंत भिंतीखाली जाळं पडायचं नाही."

बेनीबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. भिंतीखाली जाळं होतं कुणाचं? तिच्याच घराचं! मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. घरी जाताना फुंदीलाल चार पावलं पुढं चालत होता. दाराशी येऊन म्हणाला, "त्या बाईनं तरी एवढं केलं नव्हतं. तुझ्या जिभेनं आपलंच जाळं बांधून ठेवलं." आणि न जेवता झोपला.

सारा ज्येष्ठ दगड वाहण्यात गेला. उन्हानं दगड असे तापत की केसर डोक्यावरच्या चुंबळीखाली ओलं फडकं ठेवी, तरी तिच्या कपाळाला फोड आले. दरयावच्या पायाच्या अंगठ्यावर दगड पडून नख काळं पडलं. बेनीबाई कामाला गेली नाही, पण रोज कौह्याखाली बसून बघत राहिली. मॅडम रचलेले दगड पुन्हा उचलायला लावी. ही ओळ फार सरळ झाली, पाणी जोरात धावेल, माशाला थांबायला आडोसा नाही. मग पुन्हा पहारी, पुन्हा "हय्या". वर भिंतीच्या माथ्याला एक चौकोनी खाच पाडली, तिला सगळे खिडकी म्हणायला लागले. चढाचं सगळं पाणी त्या खिडकीतून यायचं होतं.

"मासा काही बकरी नाही दगड चढायला," बेनीबाई एकदा न राहवून म्हणाली.

"चढेल अम्मा. बघाच तुम्ही."

"आणि चढलाच तर त्या खिडकीत जो कुमनी लावील त्याची चंगळ." कुमनी म्हणजे बांबूच्या कामट्यांचा पिंजरा. तोंडानं मासा आत शिरतो, परत निघत नाही. "पटेलाची माणसं लावणार. लिहून घे."

"म्हणूनच तर दद्दांना चौकीदार केलंय," मॅडम फुंदीलालकडं बघून म्हणाली. फुंदीलालनं शिटी हातात घेऊन कुडत्याला पुसली.

आषाढातला दुसरा पूर ओसरला आणि सारं गाव काठावर लोटलं. चढावरून पाणी दगडादगडाशी थांबत, वळत, खळाळत उतरत होतं. आधी बोटाएवढी मासळी दिसली. एका दगडाआड विसावायची, मग एकदम उसळून पुढच्या आडोशाला जायची. पोरं टाळ्या पिटायला लागली. मग एक बाडस आला. त्याची पाठ पाण्याबाहेर होती, पितळेच्या परातीसारखी तांबूस. अंग घासत, शेपटी आपटत तो अर्ध्यापर्यंत आला, घसरला, पुन्हा आला. बेनीबाई नकळत उठून उभी राहिली होती. खिडकीपाशी त्यानं एवढी जोराची उडी घेतली की पाणी पार तिच्या तोंडावर आलं, आणि तो पलीकडं गेला. काठावर एकच आरडाओरडा झाला. मॅडम तर रडत होती. आपलं अनुमान साफ चुकलं याचं बेनीबाईला वाईट वाटलं, आणि तो मासा चढला याचं थोडं बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचाच तिला जास्त राग आला.

तारेचे मासेही एकेक करून डोह सोडून चढाला लागले. पंचांनी कोपरा मोकळा केला. फुंदीलालनं त्याच दुपारी जाळं फेकलं. पाला निघाला. पुन्हा फेकलं. एक तुटकी चप्पल आणि पाला. वरच्या अंगाला उभी असलेली शेजारच्या घरांतली माणसं मुद्दाम काही बोलली नाहीत. ते न बोलणं बेनीबाईला टोमण्यापेक्षा जड गेलं.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी फुंदीलाल सागाच्या पानात बांधून मासळीचे तुकडे घेऊन आला. जाड, पांढरे.

"कुठले?"

"मैयाच्या धारेतले. शेजारच्या छोट्याच्या होडीतून गेलो होतो."

बेनीबाईनं हळद-मिरची वाटली, कढई ठेवली. धुताना एका तुकड्याला खवला चिकटलेला राहिला होता. रुपयाएवढा, जाड. बाडसाखेरीज कुणाचा नव्हे.

"डोकं कुठंय?" तिनं विचारलं.

"छोट्याला दिलं."

माशाचं डोकं हा माणूस देवालासुद्धा देत नसे. आणि पाठीचा तुकडाही नव्हता.  जेवताना तिनं एकच तुकडा खाल्ला. पटेलानं याला फोडलाय, तिच्या मनात आलं. खिडकीत कुमनी त्याची आणि शिटी न वाजवण्याचा वाटा याचा. पुढचे दोन दिवस तिनं नवऱ्याच्या पायांवर नजर ठेवली. तो पहाऱ्यावरून येई तेव्हा धोतर मांडीपर्यंत ओलं असे. पहारा काठावरून द्यायचा असतो, मांडीभर पाण्यातून नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं केसरला उठवलं. "विळा घे. चारा आणायचाय."

"चारा? अजून कालचा आहे अम्मा."

"घे म्हटलं ना."

पावसाची भुरभुर होती. भिंतीवरून जाताना शेवाळानं पाय घसरत होते. केसरनं तिचा दंड धरला आणि बेनीबाईनं धरू दिला. खिडकीपाशी पाणी पांढरं होऊन आत पडत होतं. बेनीबाई पोटावर आडवी झाली आणि फेसात हात घातला. कामट्या लागल्या.

"सापडला! सापडला पटेल!" ती ओरडली. "ओढ गं, दोर ओढ! पंचांपुढं नेऊन आपटते त्याच्या..."

दोघींनी ओढून कुमनी वर घेतली. आत जड काहीतरी धडपडत होतं. पण बेनीबाईची नजर माशावर नव्हती. कुमनीच्या बुडाची एक कामटी मोडलेली होती आणि ती लाल नाडीनं बांधून काढली होती. दुहेरी गाठ, टोकं आत खुपसलेली. ती नाडी तिच्याच जुन्या परकराची होती आणि गाठ तिच्याच हातची. गेल्या हिवाळ्यात ओसरीवर बसून तिनं ती मारली होती.

पावसाचं पाणी तिच्या नाकावरून ओघळत होतं. ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. साऱ्या गावावर, पटेलावर, त्या मॅडमवर संशय घेऊन झाला होता. आपल्या घरातली कुमनी मात्र माळ्यावर आहे की नाही, ते तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

"अम्मा," केसर हळूच म्हणाली. "याला तार आहे."

पिंजऱ्यातला बाडस मांडीएवढा होता. गलफडं फाकत होती. पाठीच्या पंखाजवळ पिवळी तार चमकत होती.

"अम्मा, आता ही नथ आहे, का नाही?"

सुनेनं हे चिडवायला विचारलं की खरंच विचारलं, ते बेनीबाईला कळेना. तिनं वर पाहिलं. केसरच्या कपाळावरचे फोड वाळून काळे डाग राहिले होते. नथ नाही म्हटलं, तर मासा घरी न्यावा, कढई चढवावी. बेनीबाई पंचांपुढं खोटं भांडली एवढंच. नथ आहे म्हटलं, तर आपल्या नवऱ्यानं मैयाची लेक कोंडली. आधीच्या माशाला पाठीचा तुकडा का नव्हता, तेही आता उघड होतं. एक लेक आपण हळद-मिरची लावून खाल्ली. 

काठावरून कुणी धावत येत होतं. फुंदीलाल. गळ्यात शिटी हेलकावत होती. त्याच्यामागं आरडाओरडा ऐकून आलेले आळीतले दोघं-तिघं आणि पलीकडच्या काठावर पटेलाचा गडी.

"ठेव ती खाली!" फुंदीलाल दबक्या आवाजात म्हणाला. "ठेव, मी सांगतो तुला. हिवाळ्यात खायचं काय मग? कोपरा गेला ना आपला? गेला ना?"

बेनीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या मांडीपर्यंत भिजलेल्या, बारीक झालेल्या पायांच्या नुसत्या काड्या दिसत होत्या. तिला त्याची दया आली आणि संतापही आला, दोन्ही एकदमच.

तिनं कुमनीचं तोंड उचकटलं. आपल्या नाकातली चांदीची बारीक नथ ओढून काढली. ओढताना नाकपुडी फाटल्यासारखी झाली, डोळ्यांत पाणी आलं. ओल्या पदरात तिनं माशाचं तोंड धरलं आणि नथ त्याच्या जाड ओठात अडकवली. मग काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"केसर, हात लाव. तुझी नथ राहिली होती."

केसर जागची हलेना.

"लाव म्हणते ना! दमलाय तो."

केसरनं विळा टाकला, दोन्ही हात माशाखाली घातले. बाडस तिच्या छातीशी एकदा जोरात फडफडला, तिच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, कुणास ठाऊक. खिडकीच्या वरच्या अंगाला, संथ पाण्यात तिनं तो सोडला.

"ऐकलंत?" बेनीबाई ओरडली. "बर्मनाच्या सुनेनं इथं नथ सोडली. या खिडकीत आमच्या घराचं जाळं नाही, कुमनी नाही, जन्मात नाही!"

आळीतली माणसं कुमनीकडं पाहत होती. लाल नाडी त्यांनाही दिसत असणार. 

फुंदीलाल मटकन भिंतीवर बसला. "कोपरा गेला. खिडकीही घालवलीस. आता?"

"आता सगळ्यांसारखं मैयाच्या धारेत. खांदे मोडतील तर मोडू देत. मी वल्हं मारीन."

फुंदीलालनं धोतराचं पाणी पिळलं. मग त्याची नजर पलीकडच्या काठावर गेली. पटेलाचा गडी अजून उभा होता, खिडकीकडं निरखून बघत. फुंदीलालचे डोळे बारीक झाले.

"हा काय बघतोय?"

"विचारा की," बेनीबाई म्हणाली.

"आमच्या सुनेची नथ आहे तिथं! ए! काय बघतोस रे?" तो उठला आणि त्यानं शिटी तोंडाला लावली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वाजवली. आधी नुसता पाण्याचा फुर्रकन आवाज आला, मग ती अशी कर्कश वाजली की कौह्यावरचे बगळे उडाले आणि गडी दोन पावलं मागं सरला. आपल्याला जे मिळणार नाही ते दुसऱ्या कुणाला मिळू न देण्यात फुंदीलालचा हात धरणारा माणूस सनेरीकाठी नव्हता. वसुधा मॅडमला तिचा चौकीदार त्या सकाळी मिळाला.

लोक पांगले. केसर ओल्या हातांनी उभी होती.

"चला अम्मा. गेला तो."

बेनीबाई भिंतीवर बसकण मारून वरच्या पाण्याकडं बघत होती. रिकाम्या नाकपुडीतून थोडं रक्त आलं होतं, ते तिनं पदरानं टिपलं.

"मासे गेले असं नुसतं दाखवतात," ती म्हणाली. "तू हो पुढं. भाकऱ्या टाक. मी जरा बसते, परत खाली येतो का बघते."